गुराब ती, गलबत ते

खांदेरीचं प्रकरण महाराजांनी पाचेक महिन्यांत निकालात काढलं. १६७९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळच्या या बेटावर तटबंदीचं काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी, ते रोखायला आलेल्या इंग्रजांनी तह करून पाय काढता घेतला. त्यावरचा माझा लेख छापून यायला मात्र दोन वर्षं दोन महिने लागले. माझ्यावर तर कुणी तोफाही डागत नव्हतं.

लेख पाठवला होता सागरी इतिहासाच्या एका परदेशी नियतकालिकाला. आधी त्यातून स्वतःचं नाव खरवडून काढायचं. लेख तपासणाऱ्या परीक्षकाला लेखक कळता कामा नये आणि लेखकाला परीक्षक. माझ्याच जुन्या लेखाचा उल्लेख मी 'एक अभ्यासक म्हणतो' असा केला आणि कुणाला संशय नको म्हणून त्या अभ्यासकाशी थोडा मतभेदही दाखवला.

पोर्टलवर 'विथ एडिटर' अशी पाटी लागली. चार महिने तीच. मग 'अंडर रिव्ह्यू', सात महिने. सासऱ्यांनी विचारलं, "मानधन किती देतात?"

"काही नाही."

"आणि तपासणाऱ्यांना?"

"त्यांनाही नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

निकाल आला: 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. या धंद्यात ही पेढे वाटण्याची बातमी असते, कारण बहुतेकांना थेट नकार येतो. पहिल्या परीक्षकाने चार ओळींत कौतुक केलं होतं. त्याने बहुधा लेख वाचला नसावा. दुसऱ्याने साडेपाच पानं लिहिली होती. त्याने वाचला होता, हेच तर दुखणं.

त्याने विचारलं होतं, खांदेरीची १८ ऑक्टोबरची लढाई म्हणता, ती कुठल्या पंचांगाची? मुद्दा रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं जुलियन पंचांग धरून बसले होते. शेजारी चौलला पोर्तुगीज ग्रेगोरियन वापरत, म्हणजे दहा दिवस पुढे. आपल्या कागदांत शक आणि तिथी. एकाच समुद्रावर एकाच सकाळी तीन तारखा! मी इमानेइतबारे तळटीप लिहिली. तिच्यावर शेरा आला: 'फार लांब.'

मग गुराब, म्हणजे आरमारातलं एक लढाऊ जहाज. इंग्रजांनी तिचं 'ग्रॅब' करून ठेवलंय. भाषा तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, 'इथे कोण काय हिसकावतंय?' आता काय सांगावं? त्या लढाईत इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांनी खरंच हिसकावली होती. दोन्ही अर्थ बरोबर होते.

पुढचा घोळ लिंगाचा. जहाजाला इंग्रजीत 'शी' म्हणायची जुनी रीत, पण यांचं धोरण 'इट'. मी कळवलं की आमच्याकडे गुराब ती, मचवा तो आणि गलबत ते, सगळी एकाच आरमारात सुखाने नांदत होती. उत्तर आलं नाही. सगळ्यांचं 'इट' झालं.

सुधारित लेखाबरोबर प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यावं लागतं आणि दर उत्तराची सुरुवात आभाराने करायची असते. शेरे सत्तेचाळीस होते. विसाव्या आभारानंतर मी कॉपी-पेस्टवर आलो.

फोटोचं तर विचारूच नका. थळच्या किनाऱ्यावरून काढलेला खांदेरीचा फोटो तीनशे डीपीआय नाही म्हणून परत आला. दुसरा काढला, तर हक्क कुणाचे ते लेखी मागितलं. फोटो मीच काढलेला, तेव्हा मीच मला परवानगी दिली, सहीनिशी.

दोन वर्षं थांबवल्यावर प्रूफं मात्र अठ्ठेचाळीस तासांत हवी होती. मी स्वल्पविराम मोजत रात्र काढली.

अंक आल्यावर तो घेऊन थळला गेलो. मचव्यांबद्दल ज्यांच्याकडून शिकलो, त्या तांडेलकाकांना दाखवला. त्यांनी इंग्रजी मजकुरावरून नुसता हात फिरवला, फोटोपाशी थांबले, अंक लांब धरला, समोरच्या बेटाकडे पाहिलं.

"मास्तर, आपला दिवा त्या टोकाला कधी गेला?"

फोटो उलटा छापला होता. खांदेरीचं दीपगृह या टोकाचं त्या टोकाला. दोन परीक्षक, संपादक, भाषावाल्या बाई आणि स्वल्पविराम मोजणारा मी, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी शुद्धिपत्राचा अर्ज केला. पासवर्ड विसरलो होतो, नवा घेतला. आज सकाळी बघितलं: 'विथ एडिटर'.