आजचे दोन पण गेले रे

मागच्या महिन्यात एका शनिवारी पोह्यांवर लिंबू पिळत होतो आणि मेसेज आला, तुमच्या प्लॅनची व्हॅलिडिटी उद्या संपतीये. म्हटलं आत्ताच तर मारलं होतं रिचार्ज! बायको म्हणाली, दर वेळी हेच म्हणतोस. आता माझं काय चुकतं सांगा, मी महिना म्हणजे महिना धरतो आणि कंपनीचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे यांच्याकडे बाराही महिने फेब्रुवारी, आणि ३६५ ला २८ ने भागून बघा, वर्षाला १३ रिचार्ज बसतात. आपला अधिक महिना तीन वर्षांतनं एकदा येतो आणि त्यात जावयाला अनारसे तरी मिळतात. हे लोक दर वर्षी अधिक महिना पाळतात आणि वाण जावयाकडूनच वसूल करतात.

२०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की बाबांनो निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा. ठेवलेत, नाही असं नाही. पण ॲपमध्ये खाली, अजून खाली, कपाटात मोजे सापडतात त्या लेव्हलला.

यावेळी ठरवलं, नीट अभ्यास करून प्लॅन घ्यायचा. एक्सेल उघडलं. ३४९ वाला २८ दिवस, दिवसाला १२ रुपये ४६ पैसे. ८५९ वाला ८४ दिवस, दिवसाला १० रुपये २३ पैसे. दोन्हीत रोज दोन जीबी. (एवढं एक्सेल मी घर घेताना वापरलं नव्हतं, बायकोने हे दोनदा बोलून दाखवलं.)

सगळ्यांवर ठळक अक्षरात अनलिमिटेड. म्हणजे रोज दोन जीबी. म्हणजे लिमिट आहे की! मग अनलिमिटेड काय, तर कॉल. आता मला कॉल करतं कोण, आई आणि पर्सनल लोनवाले. वर रोज १०० एसएमएस. मी अख्ख्या वर्षात एकच एसएमएस केला असेन, तोही नंबर पोर्ट करायला १९०० वर. अनलिमिटेड फाईव्हजी पण होतं, पण ते आमच्या घरात फक्त गॅलरीत येतं, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, आणि ओली चादर टाकली की जातं.

बरं दोन जीबी संपल्यावर नेट बंद होत नाही हां, स्पीड ६४ केबीपीएस होतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. मावशीचा सुप्रभातचा दोन एमबीचा व्हिडिओ उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात, तेवढ्यात चहा होतो आणि पिऊनही होतो. थाळीवाला तिसऱ्या पोळीनंतर नाही म्हणत नाही, फक्त एकेक घास आणून वाढतो, तसलं हे अनलिमिटेड. २०१६ च्या आधी हाच मी एक जीबी महिनाभर पुरवायचो, हे आता मुलीला सांगितलं तर ती दुष्काळाची गोष्ट ऐकल्यासारखी बघते.

आणि संपत नाही त्या दिवशी वेगळीच चिडचिड. रात्री साडेअकराला कळतं की सव्वा जीबी शिल्लक आहे आणि बाराला जाणार, मग बायको नको असलेल्या सिरियलचे नको असलेले एपिसोड डाउनलोड करत बसते. का, तर पैसे दिलेत.

तर रविवारी रात्री अकरा चाळीसला शेवटी ८५९ चं फायनल केलं, पैसे गेले, टिंग वाजलं, निवांत झोपलो. सकाळी माझं नेट बंद. आणि कराडहून आईचा फोन, "अरे, माझ्या फोनवर कायतरी इंग्रजी आलंय, ८५९ लिहिलंय, तुझं का रे हे?"

ॲपमध्ये तिचा नंबर वर होता. आईचा फोन बटणवाला. तिला मी नुसत्या कॉलचा पॅक मारतो, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितल्यावर कंपन्यांना तसले पॅक आणावे लागले, माझ्या आईसारख्यांसाठीच. कस्टमर केअरवर पाऊण तास गाणं ऐकलं, तर म्हणे रिचार्ज परत फिरत नाही सर.

आईला समजावलं, रोज दोन जीबी नेट मिळणार तुला, ८४ दिवस.

"आणि नाही वापरलं तर?"

"काही नाही, रात्री बाराला जातं."

"जातं म्हणजे? टाकून देतात?"

फोनवर शांतता. या बाईने आयुष्यात पोळी टाकलेली नाही, दुसऱ्या दिवशी कुस्करा करते, आणि कुस्करा उरला तर तो कशात घालते ते आम्ही विचारत नाही.

"शेजारच्या वहिनींच्या पोराला दे की. तो सारखा नेट संपलं म्हणत फिरतो."

"तुझ्या फोनमधून नाही देता येत."

"मग तू घे."

"मलाही नाही येत, आई."

मी मुकाट्याने ३४९ मारून मोकळा झालो, एक्सेल न उघडता. आईचा मात्र तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी फोन येतो. तब्येत विचारत नाही, जेवलास का विचारत नाही. काल सोळावा दिवस होता.

"अरे," म्हणाली, "आजचे दोन पण गेले रे."