कर्नल नवा, वायफाय गायब

झालं! परत लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट, परत वायफायने मान टाकली. रात्री ठणठणीत होतं की!

डीमेसेज, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड, म्हणते, फर्मवेअरची (वायफाय कार्डात भरायच्या प्रोग्रॅमची) फाइल सापडत नाही. बरं, आणतो. कुठून? इंटरनेटवरून. आणि इंटरनेट कशावर? वायफायवर!

डीकेएमएस नावाचा प्रोग्रॅम म्हणे प्रत्येक नव्या कर्नलसाठी कार्ड चालवणारा ड्रायव्हर आपोआप बांधून देतो. देतो ना, त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) असले तर! कर्नल आला, हेडर्स आलेच नाहीत. ते मिळवले, तर बिनसहीचं काही चालू न देणारं सिक्युअर बूट आडवं: मॉड्यूलवर, म्हणजे बांधलेल्या ड्रायव्हरवर, सही नाही. सहीसाठी परत पाठवायला ही काय तलाठ्याची कचेरी आहे?

त्यात आमच्या विश्रामबागेत सल्ल्यांना तोटा नाही. शेजारचे काका भडंग खात म्हणतात, "राउटर बंद करून चालू कर की." अहो काका, लॅपटॉपला कार्डच दिसेना, राउटर काय करणार? जाणकार मित्र त्याहून थोर. "आरएफकिल बघितलंस?" बघितलं रे बाबा! त्या कमांडीत वायफाय ब्लॉक दिसत नाही, काही नाही!

मग काय, मोबाइल यूएसबीने जोडा आणि डेटा जाळा. नाहीतर ग्रबमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मेन्यूतून, जुना कर्नल निवडा. त्यावर हेच कार्ड, हाच लॅपटॉप, वायफाय सुसाट! मग नवा घातलाच कशाला माझ्या गळ्यात?