इरॅस्मस आणि सोफिया कोराडी : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘इटलीच्या सोफिया कोराडींना अमेरिकेत प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी 1969 साली इरॅस्मस योजना सुरू केली,’ असा मेसेज परदेशी शिक्षणाच्या ग्रुपवर फिरतोय. इरॅस्मस म्हणजे विद्यार्थ्यांना शिक्षणाचा काही काळ युरोपातल्या दुसऱ्या देशात घालवू देणारी युरोपीय संघाची योजना. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

प्रवेश नाकारला नव्हताच. कायदा शिकणाऱ्या कोराडी अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेल्या आणि कोलंबिया विद्यापीठातून तौलनिक कायद्यात मास्टर्स करून आल्या. घोडं अडलं ते मायदेशी. रोमच्या त्यांच्याच विद्यापीठाने ही पदवी ग्राह्य धरायला नकार दिला. मुलाखतींत त्या स्वतःच हा प्रसंग सांगत.

1969 सालचा होता तो फक्त कोराडींचा प्रस्ताव : परदेशात दिलेल्या परीक्षा आपल्या विद्यापीठाने मान्य कराव्यात. योजनेला मंजुरी मिळाली जून 1987 मध्ये. युरोपीय आयोगाच्या नोंदींनुसार पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. मधली 18 वर्षं कोराडींनी या कल्पनेचा पाठपुरावा सोडला नाही. मला तरी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय. ‘इरॅस्मसची आई’ हे नाव त्यांना उगाच मिळालेलं नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.