ओकच्या टेबलाचे सोवळे

आमच्या घरातले सोवळे आजीबरोबरच संपले, अशी माझी समजूत होती. देवळाली कॅम्पातील एका जुन्या बंगल्यातले सामान विकायला निघाले, सौभाग्यवतींनी त्यातले भरीव ओक लाकडाचे, हाताने घडवलेले जेवणाचे टेबल पसंत केले आणि सोवळे पूर्वीपेक्षा कडकपणे पुन्हा सुरू झाले. एरवी नाशिककरांना ओक भेटतो तो वायनरीत, 225 लिटरच्या पिंपांच्या रूपाने, आणि तेथे त्याच्यापासून माणसांना सुख तरी लाभते.

गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये टेबल मावेना आणि जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी जुन्या नाशकातून मिस्त्रींना बोलावले. त्यांनी टेबलाखाली डोके घातले आणि एकही खिळा नाही, असे जाहीर केले. पायांना खाचा, आडव्या पट्ट्यांना त्या खाचांत बसणारी जीभ, म्हणजे कुसू, आणि दोहोंतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी; शिवाय दोन्हींची भोके मुद्दाम किंचित पुढेमागे पाडलेली, म्हणजे खुंटी आत शिरता शिरता सांधा आपणच आवळला जातो. हे सारे निरूपण हातात मोगरी घेऊन जिन्यातच चालले होते आणि वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन निमूटपणे श्रवण करीत होत्या, कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

टेबल सुटे होऊन घरात आले आणि आईने धुतलेला लोखंडी तवा त्यावर पालथा घातला. सकाळी तेथे निळसर काळे कडे उमटले होते. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. त्याला पाणी आणि लोखंड मिळाले की हा रंग तयार होतो. युरोपात कित्येक शतके ओकच्या झाडावरील गाठी आणि लोहक्षार यांपासून लिहिण्याची शाई करीत असत. आमच्याकडे ती तव्याखाली आपोआप झाली. मिस्त्रींनी ऑक्झॅलिक ॲसिडने डाग काढला. "ज्यावर तवा चालत नाही ते जेवणाचे टेबल कसले गं, सूनबाई?" या आईच्या प्रश्नाला मात्र अद्याप उत्तर मिळालेले नाही.

पावसाळ्यात वेगळेच प्रकरण उद्भवले. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि याबाबतीत ओक आपल्या सागवानापेक्षा बराच चंचल आहे. म्हणून जुन्या कारागिरांनी वरचा फळा पक्का न जखडता खाचेत सरकणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर धरलेला असतो. सर्व शास्त्रांत गती असलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी तेथे लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू सुचवले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात मधोमध तडकेल. त्याला धरायचं, पण जखडायचं नाही." हे वाक्य सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहत ऐकले, कोणत्या अर्थाने, ते मी विचारले नाही.

फळा वाचला, पण खण फुगून बसला आणि घरातले सगळे चमचे आत अडकले. आता रंधा मारला तर उन्हाळ्यात खण खडखडेल, तेव्हा दसऱ्यानंतर पाहू, असा मिस्त्रींचा निर्णय आहे. त्यामुळे राखीपौर्णिमेला आलेल्या मेहुण्यांना बासुंदी वाटी तोंडाला लावून प्यावी लागली, तीही सतरंजीवर बसून. कारण टेबलावर गरम, ओले आणि लोखंडी काही ठेवायचे नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरातून चौथ्या प्रकारचे काही बाहेर येत नाही.