दीडशे गुणांचा माणूस

"तुला कोण व्हायचंय?" हा प्रश्न लहानपणी सगळ्यांनी विचारला आणि मी सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देऊन वेळ मारून नेली. चाळिशी उलटल्यावर तोच प्रश्न एका खेळाच्या टेबलावर पुन्हा समोर येईल, तोही छापील तक्त्यासकट, याची कल्पना नव्हती.

दोष माझाच. आम्ही पाच जण आणि आमची गेममास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारी, दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो. यात प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं आणि फासे टाकत साहसं करायची. सुखात होतो. तिथे प्रत्येकाला क्लास असतो, म्हणजे पात्राचा ठरलेला पेशा. १९७४ साली हा खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, पुरवणीतून आला. (चोराला यायला एक वर्ष लागलं, यावरून खेळ काल्पनिक आहे हे कळतं.) क्लास म्हणजे शिवून तयार मिळणारा अंगरखा. काखेत जरा काचतो, पण घातला की निघालात. सहा वर्षं मी लढवय्या होतो आणि तेवढ्या काळात एकदाही मला स्वतःविषयी विचार करावा लागला नाही.

एका शनिवारी मात्र बंद दारासमोर माझी सटकली. "माझ्या लढवय्याला साधं कुलूप का उघडता येऊ नये? माणसाला असं एका चौकटीत कोंबणं म्हणजे गुलामगिरी आहे!" गेममास्टर काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने गर्प्स नावाच्या अशाच दुसऱ्या खेळाच्या पुस्तकाचे दोन जाडजूड भाग टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "घे. यात क्लास नाहीत. प्रत्येकाला खर्चायला दीडशे गुण. तीन आठवड्यांनी त्यातून माणूस घडवून आणा."

बिनक्लासाचे खेळ तसे जुने. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्येही क्लास नव्हते. जे कौशल्य वापराल ते सुधारायचं. त्याच्या आदल्या वर्षीच्या ट्रॅव्हलरमध्ये पात्राचं पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या नोकऱ्यांतून घडायचं आणि फासे रुसले तर ते घडता घडताच मरायचं. खेळ सुरू होण्याआधीच मरण! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मला त्या मेलेल्यांचा हेवा वाटू लागला.

कारण गर्प्समध्ये असं सुटता येत नाही. १९८६ पासून हा खेळ माणसाला शांतपणे वही-पेन्सिल घेऊन बसवतो. ताकद आणि प्रकृती एकेक पायरी चढवायला दहा गुण, चपळाई आणि बुद्धीला वीस. त्यानंतर कौशल्यं, पानंच्या पानं. पोहणं वेगळं, गाठी मारणं वेगळं, कविता करणं वेगळं. प्रत्येकापुढे ते सोपं की अवघड तेही लिहिलेलं. तलवार चालवणं मध्यम आणि हिशेब ठेवणं कठीण, असं तिथे छापलंय. रात्री दीड वाजता, चौथ्यांदा बेरीज चुकल्यावर, मला ते मनापासून पटलं.

दीडशे गुण संपायला चाळीस मिनिटं लागली. माझ्या वीराला तलवार येत होती, थोडी जादू येत होती, कुलपं उघडता येत होती. पण तिन्ही अशी अर्धीकच्ची, की तलवार उपसताना तो आधी माफी मागेल असं वाटावं.

मग मी अवगुणांच्या प्रकरणाकडे वळलो. इथे तुम्ही दोष पत्करायचे आणि त्या बदल्यात गुण घ्यायचे. गेममास्टरने पंच्याहत्तरपर्यंत परवानगी दिली होती. आळस घेतलात तर दहा गुण मिळतात. प्रामाणिकपणा घेतलात तरी दहा. होय, प्रामाणिकपणा अवगुणांच्याच यादीत आहे आणि त्याचा भाव आळसाइतकाच. आळस मला फुकटातही होता, म्हणून मी प्रामाणिकपणा विकत घेतला.

आणि मग मला तो डोळा दिसला. एक डोळा नसणे: पंधरा गुण! तोटे वाचले. लढाईत चपळाई एकाने कमी. ठीक, भरून काढू. नेम न धरता दुरून मारा केला तर तीन वजा. धनुष्य मला नकोच होतं. घोडागाडीपेक्षा वेगवान वाहन चालवतानाही तीन वजा. आमच्या जगात घोडागाडीपेक्षा वेगवान वाहनच नव्हतं! एवढा हुशार मी नोकरीच्या मुलाखतीतही कधी नव्हतो. डोळा विकला. उरलेल्या रात्री खोडरबराच्या चुऱ्यात गेल्या. शेवटी एकच गुण शिल्लक राहिला आणि तो कशावर खर्च करावा यावर दोन दिवस गेले.

ठरल्या शनिवारी आम्ही पाचही जण आपापला कागद छातीशी धरून आलो. तीन आठवडे कुणी कुणाला आपला कागद दाखवला नव्हता. कागद उलटले. पाच तलवारबाज. पाचही थोडे थोडे जादूगार. पाचही कुलूपतोडे, आणि कायदा मोडणार नाही असा प्रामाणिकपणा घेतलेले. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात; आम्ही तर शेजारी बसलोही नव्हतो. आणि पाच वीरांत मिळून डोळे पाच.

गेममास्टरने चष्मा काढून पुसला. तिला वेळ हवा होता. मग तिने शांतपणे सांगितलं, "जंगलातून चालला आहात. डाव्या झाडीतून दरोडेखोर उडी मारतात. तुमचा कुठला डोळा गेलाय?"

कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं. भाव दोन्हींचा सारखाच होता. आम्ही एका सुरात ओरडलो, "उजवा!"

"छान," ती म्हणाली. "उजवीकडूनही आलेत."

दोन फेऱ्यांत आमच्यातला एक कोसळला. रक्त थांबेना. प्रथमोपचार कुणाला येतात, असं तिने विचारलं. पुस्तकात ते सोप्या कौशल्यांत मोडतात. एका गुणात बेतास बात येतात. पाच जणांचे मिळून अकराशेपंचवीस गुण खर्च झाले होते. त्यातला एकही तिकडे गेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण शेवटच्या गुणापायी मी दोन दिवस सर्वांना फोन करून छळलं होतं.

तो मी गाण्यावर खर्च केला होता.

मग काय, जखमी मित्राच्या उशाशी बसून मी गायलो. फासे फार सुंदर पडले.