बर्फामुळे कोणी सुखी होत नाही

दरवर्षी 20 मार्चच्या सुमारास जगातल्या सुखी देशांची यादी जाहीर होते आणि आठवडा उलटायच्या आत तो मजकूर फोनवर येऊन पडतो. या वेळी मला तो धाकट्या काकांनी पाठवला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिनलंड, डेन्मार्क, आइसलँड, स्वीडन हे देश दरवेळी वर असतात ते थंडीमुळे. थंडीनं माणूस शिस्तीचा आणि अल्पसंतुष्ट होतो. त्यात लोकसंख्या मूठभर आणि पैसा बक्कळ. शिवाय ही माणसं खरी सुखी नाहीतच. अंधाराला कंटाळून आत्महत्या करतात, गोळ्या खाऊन दिवस काढतात, म्हातारपणी त्यांना कुणी विचारत नाही. शेवटची ओळ अशी: ‘आपल्याकडे ऊन आहे, सण आहेत, माणसं आहेत. त्यांच्या यादीत आपण 118 वे असलो तर बिघडलं कुठे?’

काकांवर माझा राग नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि ते खरं मानण्यात आपलं नुकसान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात या यादीसाठी ‘तुम्ही सुखी आहात का’ असं कुणी विचारतच नाही. गॅलप ही संस्था दरवर्षी बहुतेक देशांत साधारण हजारेक माणसांना सांगते, एक शिडी डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात वर दहावी पायरी, म्हणजे तुमच्या दृष्टीनं जगता येईल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य. तळाला शून्य, म्हणजे वाइटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की झाली यादी. 2025 च्या अहवालात फिनलंड 7.74 वर आहे, सलग आठव्यांदा पहिला. भारत 4.39 वर, 147 देशांत 118 वा. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार असले ‘पाश्चात्त्य निकष’ लावून आपल्याला मुद्दाम खाली ढकलतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ते आकडे वापरतात, पण नंतर, देशादेशांत फरक का पडला हे समजून घ्यायला. क्रमांक ठरतो तो आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत दिलेल्या उत्तरावरून.

या शिडीवर आक्षेप जरूर घेता येतो. शिडीचं चित्र डोळ्यांपुढे आलं की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता जास्त येते, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. आणि ‘काल तुम्ही हसलात का, मजा आली का’ असं विचारलं, तर पॅराग्वेसारखे लॅटिन अमेरिकेतले देश वर येतात, फिनलंड नाही. म्हणजे शिडीवरचं उत्तर हे हसण्याखिदळण्याचं माप नव्हे. माझ्या मते ते निर्धास्तपणाचं माप आहे. उद्या नोकरी गेली, आजार आला, मूल झालं, नवऱ्याशी पटेनासं झालं, तर मी किती खोल पडेन, याचा अंदाज माणूस त्या एका आकड्यात सांगून टाकतो. पुढचं सगळं या नजरेनं वाचावं.

थंडीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. फिनलंडच्या उत्तरेतलं इनारी आणि रशियातलं मुर्मान्स्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. डिसेंबरात दोन्हीकडे सूर्य उगवत नाही, बर्फही तोच. पण रशिया त्या यादीत पहिल्या पन्नासातही नाही. उलट 2025 मध्ये कोस्टारिका सहावा आहे आणि मेक्सिको दहावा, आणि तिथली हवा कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. थंडी फिनलंडमध्ये पूर्वीही होतीच. सप्टेंबर 1867 च्या कडाक्यानं उभं पीक गेलं. 1866 ते 1868 च्या त्या दुष्काळात देशातली सुमारे 8 टक्के माणसं मेली. उरलेली पाइनच्या झाडाची साल दळून, पिठात मिसळून भाकरी करत होती. बर्फानं त्यांना कुठलंही सुख दिलं नव्हतं.

लोकसंख्येचंही तसंच. फिनलंडमध्ये 56 लाख माणसं राहतात. एकट्या पुणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 94 लाख होती. इतक्या कमी माणसांचा कारभार सोपा असणार, हे मी मान्य करते. पण लेबनॉन लोकसंख्येनं फिनलंडएवढाच आहे आणि 2025 च्या त्याच यादीत शेवटून तिसरा आहे.

आता पैसा. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. आधी ते श्रीमंत झाले आणि मग लोकांना सोयी देणं त्यांना परवडलं, असं आपण धरून चालतो.

माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे हेलसिंकीजवळ एस्पोला राहते. तिच्या बाळंतपणाला मावशी इथून गेली तेव्हा डिंकाचे लाडू, झबली, टोपडी, दुपटी असा सगळा बाळंतविडा बॅगेत भरून घेऊन गेली. तिथे पोचल्यावर पाहते तर घरात एक मोठा पुठ्ठ्याचा खोका. तोही बाळंतविडाच होता, पण सरकारनं पाठवलेला. आत बाळाचे कपडे, बर्फात घालायचा जाड अंगरखा, पांघरूण, नखं कापायची छोटी कात्री, आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर. खोक्याच्या तळाशी बसेल अशी गादी. पहिले दोन-अडीच महिने नात त्याच खोक्यात झोपली. मावशीला आधी ते अपशकुनी वाटलं, नंतर तिनंच त्या खोक्याला आपल्या जुन्या साडीची झालर लावली.

या खोक्याची गोष्ट 1938 ची आहे. त्या दशकात फिनलंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 65 वर्षभराच्या आत दगावत होती. खोका आधी गरीब बायकांसाठी होता, 1949 पासून सगळ्यांसाठी झाला. अट एकच: गरोदरपणाचे चार महिने पूर्ण व्हायच्या आत दवाखान्यात जाऊन तपासणी करून यायचं. कपड्यांच्या निमित्तानं प्रत्येक गरोदर बाई डॉक्टरपर्यंत पोचली. शाळेतल्या फुकट जेवणाचा कायदा 1943 चा, म्हणजे ऐन युद्धातला. तो 1948 मध्ये देशभर लागू झाला तेव्हा फिनलंड हा हरलेला देश होता. सोव्हिएत संघाला, मुळात 30 कोटी डॉलर ठरलेली, युद्धभरपाई मालाच्या रूपानं चुकती करत होता. ती 1952 मध्ये फिटली. त्याच सुमारास करेलियाचा प्रांत गमावल्यामुळे निर्वासित झालेल्या चार लाखांवर माणसांना, म्हणजे दर नवव्या माणसाला, घर आणि जमीन द्यायची होती. शाळेच्या जेवणासाठी मुलांनीच सुट्टीत बोरंबेरं गोळा करायची, भाजी पिकवायला हात लावायचा, असं चालायचं. ज्या देशाकडे पैसे नव्हते त्या देशानं हे केलं. आपल्याकडे शाळेतल्या जेवणाची राष्ट्रीय योजना 1995 पासून आहे, त्यामुळे यातलं काही आपल्याला समजण्यापलीकडचं नाही.

म्हणून ‘अल्पसंतुष्ट’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. प्रत्यक्षात त्यांनी अंथरूण मोठं करायला भांडणं केली आहेत. 24 ऑक्टोबर 1975 ला आइसलँडमधल्या सुमारे 90 टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं: नोकरीचंही आणि घरचंही. स्वयंपाक नाही, मुलांकडे बघणं नाही. बाप मंडळी मुलांना घेऊन कचेरीत गेली. पाच वर्षांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. फिनलंडच्या बायकांनी मतदानाचा आणि उमेदवारीचाही हक्क 1906 मध्येच मिळवला होता आणि पुढच्याच वर्षी 19 जणी संसदेत बसल्या. मिळालं तेवढ्यात गोड मानून घेणाऱ्यांची ही लक्षणं नव्हेत.

‘त्यांचा स्वभावच तसा, रक्तातच असतं’ याचं उत्तर 2018 च्या अहवालात मिळतं. त्या वर्षी बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची उत्तरं वेगळी काढून पाहिली. त्यातही फिनलंडच पहिला आला. रक्त वेगवेगळं होतं, पायाखालची जमीन एक होती.

आता आत्महत्या. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण एके काळी तो खरा होता. 1990 मध्ये फिनलंडमध्ये लाखामागे सुमारे 30 माणसं आत्महत्या करत होती, जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक. पण त्यांनी तो नशिबाचा किंवा अंधाराचा भाग मानला नाही. 1986 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. एप्रिल 1987 ते मार्च 1988 या बारा महिन्यांत झालेल्या 1,397 आत्महत्यांचा एकेक करून अभ्यास झाला. माणसं घरोघरी गेली, मागे राहिलेल्या आईवडिलांशी, बायकोमुलांशी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलली. शेवटच्या महिन्यांत काय चाललं होतं, दारू किती होती, नैराश्यावर उपचार झाले होते का. बहुतेकांना उपचारांची गरज होती आणि फार थोड्यांना ते नीट मिळाले होते. त्यावरून दवाखान्यांपासून सैन्यापर्यंत कामाची पद्धत बदलली. आज तो आकडा 13 च्या आसपास आहे, निम्म्याहूनही कमी. आणखी एक गोष्ट: तिथल्या आत्महत्या सर्वांत जास्त होतात त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, उजेडाच्या दिवसांत. अंधाराची गोष्ट ऐकायला पटते, आकड्यांत दिसत नाही.

आणि आपण? 2022 ची सरकारी नोंद लाखामागे 12.4 सांगते. त्या वर्षी देशात 1,70,924 माणसांनी जीव दिला, त्यातली 22,746 महाराष्ट्रातली, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. दुसऱ्याला नावं ठेवायची आपली ही जागा नाही. त्या 1,397 घरांत जसं कुणी जाऊन बसलं, तसं आपल्या यवतमाळच्या, बीडच्या प्रत्येक घरात कुणी जाऊन बसलं असतं तर, असं माझ्या मनात फार वेळा येतं.

गोळ्यांबद्दल एवढंच म्हणते की नैराश्यावरची औषधं आइसलँडमध्ये खरोखरच खूप घेतली जातात. मधुमेहाची औषधं जास्त खपणाऱ्या गावात मधुमेह जास्त आहे, की तिथे तो वेळेवर ओळखला जातो, हे नुसत्या खपावरून कळत नाही. औषध न मिळालेला आजारी माणूस कुठल्याच आकड्यात येत नाही.

एकटेपणाबद्दल मात्र तो मजकूर पूर्ण चुकीचा नाही. फिनलंडमधल्या जवळपास निम्म्या घरांत एकच माणूस राहतो. मावशी परत आली तेव्हा म्हणाली, ‘सगळं आहे गं तिथे, पण दार वाजवणारं कुणी नाही.’ 2025 च्या अहवालातही, सोबत बसून जेवणारी माणसं आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, असं म्हटलं आहे, आणि मेक्सिको वर येण्यामागे मोठी कुटुंबं हे एक कारण असल्याचं दिसतं. त्यांना आपल्याकडून शिकण्यासारखं जे आहे, ते हेच.

पण अनोळखी माणसावर विश्वास टाकणं हीसुद्धा सोबतच आहे. 2013 मध्ये रीडर्स डायजेस्टनं 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम रस्त्यात टाकून पाहिली. आत थोडे पैसे, कुटुंबाचा फोटो, फोन नंबर. हेलसिंकीत 12 पैकी 11 परत आली. दुसरा क्रमांक मुंबईचा: 12 पैकी 9. चाचणी छोटी आहे, तिच्यावर मोठा सिद्धान्त उभा करता येणार नाही. तरी, आपल्याकडे पाकीट हरवलं की ते गेलं असं आपण लगेच धरून चालतो, ते कदाचित आपल्याच माणसांवर अन्यायाचं आहे. प्रामाणिकपणात आपण कमी पडत असू असं मला वाटत नाही. आपण कमी पडतो ते दुसरीकडे.

‘आपल्याकडे माणसं आहेत’ हे काकांच्या मजकुरातलं वाक्य खरं आहे आणि त्याचे साक्षीदार काका स्वतः आहेत. बाबांना मध्यरात्री छातीत दुखायला लागलं त्या रात्री रुग्णालयाच्या खिडकीवर सांगितलं, दीड लाख अनामत भरा, मग पुढचं. आतेभाऊ तीन एटीएम फिरला, कुठेच एका वेळी दहा हजारांच्या वर निघेना. आईनं पाटल्या रुमालात बांधून आणल्या होत्या, पण रात्री दोनला त्या घेणार कोण? शेजारच्या वहिनींनी मुलीच्या फीचे ठेवलेले पैसे दिले. काका स्वतः दुकानाचा गल्ला घेऊन आले, सुटी नाणीसुद्धा. फिनलंडच्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळायला आठवडे लागतात, अशी मावसबहिणीची नेहमीची तक्रार असते. पण तिथे वर्षभराच्या शुल्काला कमाल मर्यादा आहे, आणि जीव वाचवण्याआधी पैसे मोजून घेणारी खिडकी नाही. आमच्याकडे त्या रात्री अकरा माणसं धावून आली. अकराच्या अकरा पैशांच्या जुळवाजुळवीत होती. बाबांचा हात धरून बसायला पहाटे पाचपर्यंत कुणी मोकळं नव्हतं.