म्हणे हार्डवेअर रेड आहे, मग बघायचं कशाला!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, आणि आमच्या टीममधल्या नव्या पोराने तो इतका मनावर घेतला की रेडचा चेकच बंद करून टाकला. मेसेज काय, तर अप्लायन्सवर (व्हेंडरने तयार करून दिलेला बंदिस्त सर्व्हर) हार्डवेअर रेड असेल, म्हणजे वेगळं कंट्रोलर कार्ड अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा वाचवत असेल, तर मॉनिटरिंगची गरज नाही. कंट्रोलर सगळं सांभाळतो, डॅशबोर्ड हिरवा म्हणजे डिस्क ठणठणीत, डिस्क गेलीच तर बीप वाजतो, शेल (कमांड टाकायची सोय) मिळत नाही म्हणून बघता येतच नाही, आणि रेड असताना बॅकअप कशाला.

कंट्रोलर सांभाळतो हे अर्धं खरं आहे, मान्य. हॉट स्पेअर, म्हणजे तयार ठेवलेली जादा डिस्क, असेल तर रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करणं) आपोआप सुरू होतो. पण स्पेअर एकदा वापरला गेला की पुढच्या डिस्कला कोण? रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली असताना दुसरी गेली की खेळ खल्लास, आणि पहिली गेलेली कुणी बघितलीच नव्हती.

खरं डोकं फिरलं ते हिरव्या डॅशबोर्डवरून. अहो, कंट्रोलरच्या मागे आठ डिस्क असल्या तरी ओएसला दिसते एकच लॉजिकल डिस्क. ॲरे (डिस्कचा तो जोडलेला गट) डिग्रेडेड झाला, म्हणजे त्यातली डिस्क गेली, तरी तिच्यावर रीड-राइट मस्त चालू राहतं, रेड त्यासाठीच तर लावतात! मग डॅशबोर्ड नुसती जागा आणि आयओ (रीड-राइट) बघत असेल तर तो शेवटपर्यंत हिरवाच राहणार. खऱ्या डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) हवं तर स्मार्टसीटीएल या कमांडला कंट्रोलरचा प्रकार आणि मागच्या डिस्कचा नंबर सांगावा लागतो. आणि स्टॉरसीएलआय या कंट्रोलरच्या कमांडमध्ये ॲरे ‘ऑप्टिमल’, डिस्क ‘ऑनलाइन’ असं दिसत असतानाच त्याच डिस्कचा मीडिया एरर काउंट (डिस्कवरच्या खराब जागांमुळे आलेल्या चुका) गुपचूप वाढत असू शकतो, तो आकडा बघायचा असतो. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःची तपासणी करताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये आधी काहीच दाखवलं नव्हतं. म्हणजे ‘स्मार्ट पास’ हेही काही सर्टिफिकेट नाही, ॲरेची स्टेट वेगळी बघावीच लागते. कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी पण बघा, ती मेली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक (कॅशमध्ये लिहून लगेच ‘झालं’ सांगणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिल्यावरच ‘झालं’ सांगणं) जातात, सर्व्हर रडायला लागतो आणि लोक डेटाबेसवाल्याला शिव्या घालत बसतात.

बीपचं काय, बंद सर्व्हर रूममध्ये तो ऐकणार कोण? आणि ऐकलाच तर पहिलं काम म्हणजे सायलेन्स करणं.

बॅकअपच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. चुकून डिलीट केलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून इमानदारीत डिलीट करतं, बस.

राहिलं शेल नसल्याचं रडगाणं. इथे एक गोष्ट बरोबर आहे, जुगाड करून रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवायचं आणि अप्लायन्सवर आपले टूल टाकायचे हा उद्योग करू नका, सपोर्टवाले हात वर करतील. पण ओएस बंद म्हणजे हार्डवेअर बंद असं कुठे आहे? आयड्रॅक, आयएलओ असलं काहीतरी, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणारा छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर, वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर बसलेलं असतं, ओएसला न विचारता बहुतेक वेळा तिथूनच कंट्रोलर, ॲरे, डिस्क सगळं कळतं. रीड-ओन्ली युजर बनवा आणि रेडफिशवरून (सर्व्हरची माहिती नेटवर्कवरून मागवायची पद्धत) स्टोरेजची हेल्थ ओढा, हे स्टँडर्ड २०१५ पासून आहे. मशीन त्याहून जुनं असेल तर एसएनएमपी ट्रॅप (मशीनने स्वतःहून नेटवर्कवर पाठवलेली सूचना) किंवा मेल अलर्ट लावा. तो पोर्टही व्हेंडरच्याच ताब्यात असेल तर डिस्क गेल्यावर अलर्ट कुणाला जातो हे त्याच्याकडून लेखी घ्या. आणि टेस्ट अलर्ट एकदा पाठवून बघाच, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर सगळं जमा होतंय असं निघालं तर नवल नाही.